पान वहिनीचं, कोड माझा

दादा गेल्यानंतरच्या हिवाळ्यात वहिनी माझ्याकडे चंद्रपूरला राहायला आली.

दादा माझा मोठा भाऊ. प्राणहितेच्या काठावरच्या आमच्या गावातून रोज अहेरीला जाऊन तो झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान चालवायचा. वहिनी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. तिचं माहेर सिरोंच्याकडचं. घरात तेलुगू, शाळा मराठी, त्यामुळे गिऱ्हाईक कुठल्याही बोलीचं आलं तरी त्यांचं अडायचं नाही. पावसाळा सरता सरता दादाला ताप आला. ताप डोक्यात चढला, अहेरीहून त्याला अँब्युलन्सने चंद्रपूरला आणलं, आणि तिथून तो परत घरी गेला नाही. दुकानाची जागा भाड्याची होती, ती सोडली. मशीन त्याच्या एका मित्राने नेली. मूलबाळ नव्हतं.

गावी बाबा नदीवर जाळं टाकायचे, थोडी धानाची शेती होती. आई दिवसभर ओसरीत बसून असायची आणि तिच्यासमोर वहिनी. दोघींकडे एकमेकींशी बोलायला काही उरलं नव्हतं. बाबांनीच एक दिवस फोन करून मला सांगितलं की हिला काही दिवस तुझ्याकडे ने, इथं दोघीही नुसत्या बसून राहतात, मला पाहवत नाही. मी गेले आणि तिला घेऊन आले. बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. आष्टीपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती, पुढे झोपली.

मी दादासाठी रडले नव्हते. दवाखान्यात नाही, त्याला नेलं तेव्हा नाही, तेरवीला नाही. गावातल्या बाया म्हणाल्या, पोरगी धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता. मला काही होतच नव्हतं. सकाळी उठायचं, आंघोळ करायची, ऑफिसला जायचं, आल्यावर भात टाकायचा. वरणात मीठ घातलं की नाही हे मला जेवताना कळत नसे, वहिनीलाही कळत नसे, आणि आम्ही दोघी ते वरण संपवायचो.

माझं ऑफिस म्हणजे बसस्टँडच्या मागच्या गल्लीतल्या एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरची एक लांबट खोली. आम्ही तिथे वेबसाइटी बनवायचो. ऑफिस ज्यांचं होतं त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. शांत माणूस. कुणावर आवाज चढवलेला मी ऐकला नाही. आमच्याकडे एका संस्थेची साइट होती, गडचिरोलीच्या दक्षिणेकडच्या तालुक्यांसाठी. धान खरेदीचं केंद्र कुठं सुरू आहे, बाजार कुठल्या गावी कुठल्या वारी, पावसाळ्यात कुठल्या पुलावरून पाणी वाहतंय, कुठला रस्ता बंद आहे, असली माहिती. संस्थेची माणसं ठिकठिकाणाहून मोबाइलवर ती भरायची आणि आमची साइट ती पानावर दाखवायची. त्याच हिवाळ्यात संस्थेने सांगितलं की सिरोंच्याकडच्या लोकांसाठी हे सगळं तेलुगूतही पाहिजे.

मी वहिनीचं नाव सुचवलं. भाऊंनी तिला बोलावलं, दुकानात काय काय करायची ते विचारलं, आणि दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं. माझ्याच टेबलाशी तिची खुर्ची लागली. घरी आल्यावर तिने एवढंच विचारलं की तिथे डबा न्यायचा की खाली काही मिळतं. मी म्हटलं डबा नेऊ.

ती साइट माझ्याआधी दोघांनी आणि नंतर मी बांधलेली होती. बांधली म्हणण्यापेक्षा वाढवत नेली होती. पान कसं दिसावं हे सांगणारा मजकूर आणि माहिती कुठून आणायची हे सांगणारा कोड, दोन्ही एकाच फाइलमध्ये, कुठे कुठे तर एकाच ओळीत. तक्ता सुरू होतो. तक्त्याच्या पोटातच, माहिती जिथे साठते त्या डेटाबेसला प्रश्न. उत्तर आलं की पुन्हा तक्ता. मध्येच एक अट, अटीच्या आत एक मराठी वाक्य, वाक्याला लाल रंग, मग अट बंद, मग तक्ता बंद. असं शेवटपर्यंत. चालत होतं, म्हणून कुणी त्याला हात लावत नव्हतं.

वहिनीने हात लावला, कारण तिचं कामच ते होतं. मी तिला फाइल उघडून दाखवली आणि सांगितलं की जिथं मराठी वाक्य दिसतं त्याच्याखाली तेलुगू वाक्य लिहायचं, बाकी कशाला धक्का लावायचा नाही. तिने नीट लिहिलं. दोनतीन पानं झाली. मग धान खरेदीच्या पानावर एक वाक्य बदलताना तिच्याकडून शेजारचं एक अवतरणचिन्ह पुसलं गेलं. तिला ते दिसलं नाही, मलाही दिसलं नसतं. तिने फाइल जतन केली आणि साइटवरचं ते पान पांढरं झालं. नुसतं तिचं वाक्य गेलं असं नाही, मराठी, तेलुगू, केंद्रांची नावं, सगळंच गेलं. केंद्रावर जाण्यासाठी लोक ट्रॅक्टरमध्ये पोती भरून थांबलेले असतात, सकाळी पान बघतात आणि निघतात. भाऊंचा फोन वाजायला लागला.

मी ते चिन्ह शोधून परत घातलं आणि पान उभं राहिलं. वहिनी हात मांडीवर ठेवून बसली होती. जेवणानंतर भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले की वहिनींना फाइल देऊ नको, वाक्यं मोबाइलवर पाठवायला सांग, जागेवर तू चिकटव.

तसं सुरू केलं. ती तिच्या खुर्चीवर बसून तेलुगू वाक्यं मला पाठवायची आणि मी हातभर अंतरावर बसून ती फाइलमध्ये चिकटवायची. पण मला तेलुगू कानाला कळते, डोळ्याला कळत नाही. अक्षरं मला सगळी सारखी गोल दिसतात. एकदा ‘उद्यापासून सुरू होईल’ हे वाक्य ‘सुरू आहे’च्या जागी गेलं. सिरोंच्याकडच्या एका गावातल्या माणसाचा फोन आला. केंद्र सुरू असताना तो तेलुगू पान वाचून घरीच थांबला होता. रागावला नाही. आपल्या मराठीत त्याने एवढंच विचारलं की तुमच्याकडे तेलुगू वाचणारं कोणी आहे का. मी म्हटलं, आहे. माझ्या शेजारीच बसली आहे, हे मी त्याला सांगितलं नाही.

संध्याकाळी मी भाऊंशी बोलले. म्हटलं, पान आणि कोड वेगळं करावं लागते.

भाऊंनी विचारलं, “बाहेरून काय दिसंल?”

“काहीच नाई. आता दिसते तसंच दिसंल.”

“मंग फायदा?”

“वहिनी पानावर काम करंल आणि साइट बंद पडणार नाई. मलेही तेलुगू चिकटवावं लागणार नाई.”

बाहेरून काहीच बदलणार नसेल तर संस्थेला दाखवायला काही नव्हतं, ही त्यांची अडचण मला कळत होती. शेवटी म्हणाले, कर, पण बाकीची कामं सांभाळून कर.

त्या कामाने माझा तो हिवाळा आणि पुढचा उन्हाळा खाल्ला. आता मागे वळून पाहते तेव्हा वाटतं की मला तेव्हा असंच काम पाहिजे होतं. त्यात नवीन काही सुचावं लागत नाही. एक फाइल उघडायची. तिच्यातल्या प्रत्येक ओळीला विचारायचं की तू माहिती आणतेस की माहिती दाखवतेस. आणणाऱ्या ओळी एका नव्या फाइलमध्ये वर न्यायच्या. दाखवणाऱ्या ओळी दुसऱ्या फाइलमध्ये, तिला टेम्प्लेट म्हणतात. टेम्प्लेटमध्ये नुसतं पान असतं, शीर्षक, तक्ता, वाक्यं, रंग. जिथे बदलती माहिती यायची तिथे दोन महिरपी कंस आणि त्यात एक नाव. कोणी पान मागितलं की आधी कोड चालतो, डेटाबेसकडून सगळी माहिती गोळा करतो, प्रत्येक गोष्टीला ते ठरलेलं नाव देतो आणि टेम्प्लेटच्या हवाली करतो. टेम्प्लेट कंसांच्या जागी ती माहिती भरून पान पुढे पाठवतं. टेम्प्लेटने डेटाबेसला काही विचारायचं नाही आणि कोडने पानावर एकही वाक्य लिहायचं नाही. नियम एवढाच.

सांगायला सोपा आहे. करताना एकेका फाइलला दिवस जायचे, कारण बऱ्याच ओळी दोन्ही कामं करायच्या. अशी ओळ आली की ती फोडायची, दोन्ही अर्ध्या आपापल्या जागी न्यायच्या, आणि मग जुनं पान आणि नवीन पान शेजारी शेजारी उघडून तपासायचं. दोन्ही सारखी दिसली की काम झालं. मी किती तरी दुपारी दोन सारखी पानं बघत बसले असेन. खिडकीबाहेर चंद्रपूरचं ऊन, कुलर पाण्याचा वास मारत चालू, टेबलावर कोळशाची बारीक काळी धूळ, सकाळी पुसली तरी जेवणापर्यंत पुन्हा बसलेली. कुणी विचारलं असतं की कसं चाललंय, तर मी म्हटलं असतं, सारखं दिसतंय.

धान खरेदीचं पान तयार झालं तेव्हा मी वहिनीला तिचं टेम्प्लेट उघडून दिलं. तेलुगूसाठी वेगळी फाइल, फक्त तिची. मी सांगितलं की कंसांना हात लावायचा नाही, बाकी सगळं तुमचं. ती बराच वेळ वरखाली बघत राहिली. आधीच्या फाइलपेक्षा ही किती तरी लहान होती.

तिने विचारलं, “ह्या कंसात काऊन लिहायचं नाई?”

“तिथं बाहेरून येते.”

“आणि नाई आलं तर?”

मी म्हटलं की येतंच. ती लिहायला लागली. दुपारभर लिहीत होती आणि मध्ये मध्ये पान उघडून बघत होती. एकदा तिच्याकडून एक कंसही पुसला गेला. त्या जागेवर केंद्राचं नाव दिसेनासं झालं, पण पान उभं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, परत घाला. तिने घातला. नाव परत आलं. त्या दिवशी घरी जाताना तिने बाजारातून भाजी घेतली, स्वतः निवडून. तोवर भाजी मीच घ्यायची.

त्यानंतर ती माझ्याशिवाय काम करू लागली. तेलुगू पानांचा रंग तिने थोडा बदलला, अक्षरं मोठी केली, कारण तिच्या माहेरची म्हातारी माणसं मोबाइल लांब धरून वाचतात. मला न विचारता केलं आणि मला विचारायची गरजही नव्हती. घरी आम्ही कामाबद्दल बोलायचो. दादाबद्दल नाही. त्याचा विषय निघेल असं वाटलं की दोघींपैकी एक जण उठून पाणी प्यायला जायची. ठरवून नव्हतं ते, तशी सवयच पडून गेली होती.

पावसाळा तोंडावर आला तसं पूल आणि रस्त्यांचं पान हाती घेतलं. या पानावर पाण्याची उंची यायची आणि ती पुलाच्या वर गेली की लाल रंगात ‘बंद’ दाखवायचं होतं. घाई होती म्हणून उंचीची तुलना मी टेम्प्लेटमध्येच केली. एवढं एक चालेल म्हटलं. मराठीत केली आणि तीच तेलुगूत उतरवली. आठवडाभरातच संस्थेने एका पुलाची मर्यादा बदलून कळवली. मी मराठी टेम्प्लेटमध्ये बदलली आणि तेलुगूत राहिली. नशिबाने पाऊस सुरू व्हायचा होता. वहिनीलाच दोन पानांवर दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या. तिने मला दाखवलं आणि मी ती तुलना तिथून उचलून कोडमध्ये नेली, नियमाप्रमाणे. आता कोडच ठरवणार की रस्ता चालू आहे की बंद, आणि टेम्प्लेट फक्त ते कसं सांगायचं एवढंच बघणार.

हे करताना तिसरी एक गोष्ट निघाली. पाऊस जोराचा असला की टॉवर बंद पडतात आणि तिकडून माहितीच येत नाही. मग कोडने काय सांगायचं? चालूही नाही, बंदही नाही. मी ती जागा रिकामी सोडली होती. जुन्या साइटवर तसंच होतं. माहिती नसेल तर तक्त्यात कोरी चौकट.

वहिनी तिचं टेम्प्लेट लिहीत होती. तिने त्या चौकटीवर बोट ठेवून विचारलं की इथं काय येणार. मी म्हटलं, काही नाही, कोरं राहील.

ती म्हणाली, “कोरं नका ठेवू, बाई.” ती मला बाई म्हणायची, नणंदेला म्हणतात तसं.

“काय लिहायचं मंग? माहितीच नाई आपल्याजवळ.”

“तेच लिवा. आतापर्यंत माहिती आली नाई, असं लिवा.” ती स्क्रीनकडेच बघत होती. “दवाखान्यात त्या दिवशी सकाळपासून कोणी काही सांगून नाई राह्यलं होतं. जो बाहेर येये तो तसाच पुढं जाये. मले वाटे, बोलत नाई म्हणजे बरं असंल. अजून काही समजलं नाई, एवढं जरी कोणी म्हटलं असतं न, तर मी तुमच्या आईले फोन करून बोलावून घेतलं असतं. मी वाटच पाहत राह्यली.”

मी तिच्या शेजारी होते त्या दिवशीही. दवाखान्यातल्या त्याच बाकावर. मला हे माहीत नव्हतं की ती बरं असेल असं समजून बसली होती. मला तेव्हाच वाटलं होतं की संपलं, आणि मी गप्प होते कारण तिलाही ते कळलं असेल असं मी धरून चालले होते. आई गावावरून पोचली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

मी कोडमध्ये तिसरी अवस्था घातली, चालू, बंद आणि माहिती नाही. शेवटची माहिती कधी आली होती ती वेळसुद्धा पाठवायची सोय केली. तिने तेलुगूत वाक्य लिहिलं. मराठीतलं मी लिहीत होते, तर तिने ‘माहिती उपलब्ध नाही’ हे मला खोडायला लावलं. ते वाचून माणूस पुन्हा पान बघायला येत नाही, म्हणाली. ‘माहिती अजून आली नाही’ असं ठेवलं. मग आम्ही डबा खाल्ला. तिने भरलेली वांगी केली होती. मी सगळी खाल्ली आणि मला चव लागली नाही.

त्या पावसाळ्यात नद्या दरवर्षी चढतात तशा चढल्या. भामरागडकडचा रस्ता बंद झाला, उघडला, पुन्हा बंद झाला. पान दिवसातून कितीदा तरी बदलत होतं आणि आम्हा दोघींपैकी कुणालाही एकमेकींच्या फाइलला हात लावावा लागला नाही. भाऊ एकदा चहा घेताना म्हणाले की यंदा कुणाचा फोनच आला नाही. ते समाधानाने म्हणाले. मी मान हलवली.

वर्षश्राद्धाला आम्ही दोघी गावी गेलो. तिचे वडीलही आले होते. गोदावरीवर मासे धरणारा माणूस, मराठी तुटक. जेवणं झाल्यावर ते बाबांजवळ ओसरीवर बसले आणि बराच वेळ दोघं हळू आवाजात बोलले. मुलीला घेऊन जायचं म्हणत होते. नदीपलीकडे एक स्थळ होतं. त्या माणसाचीही बायको वारली होती. बाबा ऐकून घेत होते. आई आतल्या खोलीत चुलीपुढे होती, तिला सगळं ऐकू जात होतं. तिने मला आत बोलावलं आणि म्हणाली की तुझं ऐकते ती, तिला थांबव, ती गेली तर तुझ्या दादाचं या घरात काय उरते.

मी परसात गेले. वहिनी भांडी घासत होती. मी तिच्याजवळ बसले आणि एक पातेलं हातात घेतलं. आईने सांगितलेलं मला बोलता आलं नाही. वहिनीच बोलली.

“मी जाऊन राह्यली, बाई. तुमच्या आईले मी समोर दिसली का तिले तेच आठवते. मलेही तसंच होते. आमी दोघी एकमेकीले मारून राह्यलो.”

मी विचारलं की तुम्हाला जायचं आहे की वडील म्हणतात म्हणून.

“मले माईत नाई,” ती म्हणाली. “पण इथी माईत होणार नाई.”

मी आईला जाऊन सांगितलं की ती जाते आहे. दुसऱ्या दिवशी अहेरीच्या बसस्टँडवर मी त्यांना सोडायला गेले. बाजाराचा दिवस होता, सिरोंच्याची बस गच्च भरली होती. तिच्या वडिलांनी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. तिने मला विचारलं की काम सुरू ठेवलं तर चालेल का, तिकडे नेट बरं आहे. मी म्हटलं, भाऊंना विचारते. बस गेली. मी चंद्रपूरच्या गाडीला अजून वेळ होता म्हणून बाजारातून फिरले आणि काही न घेता परत आले.

भाऊंनी लगेच हो म्हटलं. पान वेगळं आणि कोड वेगळा झाल्यामुळे तिने कुठूनही काम केलं तरी फरक पडत नव्हता. सकाळी मी ऑफिसला येऊन मशीन उघडायची तेव्हा तिच्या फाइलींमधले बदल आलेले असायचे. एखादं वाक्य सुधारलेलं, बाजाराचा वार बदललेला. ते पाहून मला कळायचं की ती उठली आहे, कामाला बसली आहे. पूर्वी एक शब्द बदलायचा तरी आम्हाला एका टेबलाशी बसावं लागायचं. आता फोन करायचंही कारण राहिलं नव्हतं. म्हणून मी करत नसे, तीही करत नसे. तिची खुर्ची भाऊंनी दुसऱ्या टेबलाला लावली. घरी मी एकटीपुरता भात टाकत होते आणि बरेच दिवस तो जास्तच होत होता.

पुढच्या उन्हाळ्यात बाबांना तिच्या वडिलांचा फोन आला, लग्नाचं आमंत्रण. बाबा म्हणाले, मी येत नाही, पण तू जा, आपल्या घरचं कोणी तरी असावं. आईने ऐकलं. ती उठून आत गेली आणि एक हिरवी साडी घेऊन आली, दादाच्या लग्नात तिला मिळालेली, घडी न मोडलेली. माझ्या पिशवीत ठेवली. तिला दे असंही म्हणाली नाही, देऊ नको असंही नाही.

लग्न गोदावरीपलीकडच्या एका गावी, देवळाच्या मंडपात, साधंच. सिरोंच्याहून पूल ओलांडून रिक्षाने गेले. मी कोण म्हणून तिथे गेले हे मला नीट सांगता आलं नसतं, आणि वाटेत सारखं मनात येत होतं की कुणी विचारलं तर काय सांगायचं. मंडपात बायका तेलुगूत बोलत होत्या, भराभर. मला अर्धं समजत होतं. मी मागच्या खांबाजवळ उभी राहिले. विधी झाले, अक्षता पडल्या. वहिनी पिवळ्या साडीत होती. चेहरा भरला होता थोडा.

तिने मला पाहिलं आणि हाताने बोलावलं. मी पुढे गेले. तिची नवी सासू शेजारी बसली होती, उंच, कपाळावर मोठं कुंकू. तिने मी कोण म्हणून विचारलं असावं, कारण वहिनी तिच्याकडे वळून म्हणाली, “मा आडबिड्डा.”

तो शब्द मला येत होता. माझी नणंद.

त्या बाईने एकदा वहिनीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. नणंद म्हणजे कुणाची बहीण, हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला आणि आल्याचं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग ती सासू सतरंजीवर थोडी सरकली, शेजारची जागा हाताने झटकली आणि मला खूण केली, बस.

मी बसले. कुणी तरी माझ्या हातात पाण्याचा पेला दिला. ते पाणी पिता पिता थोडं साडीवर सांडलं, आणि मग मला रडू आलं. मोठ्याने नाही. सासूबाईंनी पाठीवर हात ठेवला आणि त्यांचं बोलणं दुसऱ्या बाईशी पुढे चालू ठेवलं. मला ते बरं वाटलं, त्यांनी बोलणं थांबवलं नाही ते.

जेवणं झाल्यावर मी वहिनीला साडी दिली. तिने ओळखली. मांडीवर ठेवून तिच्यावरून हात फिरवला आणि आईची तब्येत विचारली. मी म्हटलं, आहे तशीच आहे.

त्यानंतर वर्षभर ती तेलुगू पानं बघत होती. मग तिच्या अंगात कामाला जोर राहिला नाही, दिवस गेले होते. तिने सिरोंच्यातली एक ओळखीची बाई शोधून दिली आणि तिला काय काय करायचं ते स्वतःच फोनवर समजावलं. मी फक्त त्या बाईला फाइली उघडायची परवानगी दिली. ती बाई आजही ते काम करते. आमची अजून प्रत्यक्ष भेट झालेली नाही. वहिनीला मुलगी झाली, तेव्हा तिने आईला फोन केला, मला नाही. दोघी काय बोलल्या ते मी विचारलं नाही. आई फोन ठेवून परसात गेली आणि संध्याकाळी बाबा नदीवरून आले तेव्हा दादा गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या हातातले मासे स्वतः घेऊन साफ करायला बसली.